जीव घाबरा होतो म्हणजे काय होतं?

सीओपीडीचे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा एक वाक्य हमखास बोलतात, "डॉक्टर, जीव घाबरा होतो." मी पूर्वी लगेच विचारायचे, "म्हणजे दम लागतो की भीती वाटते?" चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुफ्फुसं गमावलेल्या एका आजींनी सांगितलं, "अहो, ते काय वेगळं असतं होय?" तेव्हापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं.

घरोघरी ज्याला सरसकट दमाच म्हणतात, त्या सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो. आधीची हवा बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास आत येतो, छाती फुगलेलीच राहते आणि जास्तच गुदमरतं. मग भीती आणखी वाढते. दोन-चारदा असं झालं की आंघोळीला जाताना आतून कडी लावायचंही धाडस होत नाही.

नैराश्य मात्र गाजावाजा न करता येतं. आधी बाजार सुटतो, मग देवळापर्यंतची फेरी, मग लग्नकार्यं, कारण पंगतीत खोकल्याची उबळ आली तर लोक बघतात. चालणं थांबल्याने पायांतली ताकद जाते आणि चार पावलांतच धाप लागायला लागते. घरचे प्रेमानेच म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही करतो." मला या वाक्याची काळजी वाटते. बसवून ठेवलेला माणूस आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, असं मनात धरतो. "विड्या ओढल्या, आता भोगा" हे तर कधीच बोलू नका. तो दोष रुग्ण स्वतःलाच रोज देत असतो. शिवाय कित्येक बायकांनी आयुष्यात विडी हातात धरलेली नसते, चुलीच्या धुराने त्यांना हा आजार दिलेला असतो.

सीओपीडीच्या साधारण चौघांपैकी एकाला नैराश्य असतं. ते असलं की इन्हेलरचा पंप वेळेवर घेतला जात नाही, जेवण कमी होतं, दवाखान्यात भरती व्हायची वेळ वारंवार येते. म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का? आवडत्या गोष्टींत मन लागेनासं झालं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या तपासणीत खोकल्याइतक्याच मोकळेपणाने ते सांगा.

दम लागून घाबरायला झालं, तर खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेका. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत सोडा. छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर घेतला तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. हे बरं असतानाच रोज करून बघा, ऐन वेळी नव्याने शिकायला जमत नाही. पंपाने आराम पडला नाही, एक वाक्यही पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं किंवा माणूस गुंगीत गेला, तर 'घाबरलाय' म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा.

जुन्या चिठ्ठीवर आणलेली, भीती घालवायची अल्प्राझोलमसारखी गोळी मात्र मनाने घेऊ नका. श्वासाचा जोर तिने मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. साल्ब्युटॅमॉलच्या पंपाने हात थरथरतात, धडधडतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते. हे डॉक्टरांना सांगा, परस्पर औषध बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांची सवय लागत नाही, गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या अचानक सोडायच्या नसतात.

माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो पल्मनरी रिहॅबिलिटेशनवर. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली 6 ते 12 आठवडे चालणं, हातापायांचे व्यायाम आणि श्वासाचं तंत्र शिकवतात. फुफ्फुसं त्याने नवी होत नाहीत, पण धाप कमी होते, भीती आणि उदासीही उतरते. ही सोय जवळ नसेल, तर डॉक्टरांना विचारून अंगणात दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा. भाजी निवडणं, नातवाचा अभ्यास घेणं अशी कामं घरच्यांनी रुग्णाकडेच ठेवावीत.

मनातलं बोलायला कोणी नसेल तर 'टेली मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. 'आता सुटलो तर बरं' असे उद्गार कानावर आले, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सोबत येणाऱ्या मुला-सुनांना माझी एक विनंती आहे. तपासणीच्या वेळी पाच मिनिटं बाहेर थांबा. तुमच्यासमोर "बरं आहे" म्हणणारे बाबा दार लोटल्यावर सांगतात की, रात्री झोपेत श्वास थांबेल या भीतीने ते दिवा चालू ठेवून बसून राहतात.