पान अचानक पांढरं का पडतं?

प्रश्न : काही वेबसाइटवर फॉर्म भरता भरता अख्खं पान पांढरं होतं आणि भरलेलं सगळं जातं. दुसऱ्या काही ठिकाणी मात्र एखाद्या चौकटीत ‘हा भाग दाखवता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच येतं, बाकीचं पान चालू राहतं. हल्ली सगळेच तयार फ्रेमवर्क वापरतात म्हणे. मग हा फरक कशामुळे? आणि असं झालं की आम्ही काय करावं?

उत्तर : दोन्हीकडची मूळ चूक बहुधा सारखीच असते. ती कुठे अडवायची हे बांधणाऱ्याने आधी ठरवलं होतं की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पूर्वी सर्व्हर तयार पान पाठवायचा. ब्राउझर एचटीएमएलच्या बाबतीत फार सोशिक. एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी तो सांभाळून घेतो आणि पान दाखवतो. आता रिअ‍ॅक्टसारख्या साधनांवर बांधलेल्या अनेक साइटमध्ये सर्व्हरकडून आलेलं पान जवळजवळ रिकामं असतं. मथळे, रकाने, बटणं हे सगळं जावास्क्रिप्ट तुमच्याच मोबाइलमध्ये उभं करते. तिला एचटीएमएलसारखी सवलत नाही. समजा, ग्राहकाचा पत्ता असणारच असं धरून कोड लिहिला आणि नव्या ग्राहकाने पत्ता दिलेलाच नाही. कोड त्या नसलेल्या पत्त्यातला पिनकोड वाचायला जातो आणि तिथेच थांबतो. जावास्क्रिप्टमधल्या चुकांपैकी हा प्रकार सगळ्यात जास्त भेटणारा.

थांबल्यावर काय करायचं, याचं उत्तर रिअ‍ॅक्टने 2017 साली सोळाव्या आवृत्तीत बदललं. त्याआधी अशी चूक झाली की रिअ‍ॅक्टचा आतला हिशेब बिघडायचा, मोडकं पान तसंच पडद्यावर राहायचं आणि पुढे भलतेच, न उलगडणारे एरर येत राहायचे. सोळाव्या आवृत्तीपासून नियम झाला : चूक कोणीच अडवली नाही, तर रिअ‍ॅक्टने उभारलेलं सगळंच पडद्यावरून काढून टाकायचं. तुम्हाला दिसतं ते पांढरं पान बऱ्याचदा हेच.

हे क्रूर वाटेल, पण रिअ‍ॅक्टच्या चमूने दिलेलं कारण मला पटतं. मेसेंजरसारख्या ठिकाणी मोडकं पान तसंच ठेवलं, तर निरोप भलत्याच माणसाला जाऊ शकतो. पैशांच्या अ‍ॅपमध्ये चुकीची रक्कम दिसण्यापेक्षा काहीच न दिसणं बरं. चुकीच्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकतो. रिकाम्या पानावर तो निदान थांबतो.

त्याच आवृत्तीत दुसरी सोयही आली : एरर बाउंड्री. पानाच्या एखाद्या भागाभोवती कुंपण घालायचं. आत चूक झाली तर तेवढाच भाग जातो आणि त्या जागी आपण ठरवलेला मजकूर येतो. फेसबुक मेसेंजरमध्ये बाजूची पट्टी, माहितीची चौकट, संभाषण आणि निरोप लिहायची जागा यांना वेगवेगळी कुंपणं घातली होती. एक भाग कोसळला तरी बाकीचे चालू राहत. तुम्ही पाहिलेली ती चौकट अशाच कुंपणातून आलेली असणार. नेक्स्ट आणि स्वेल्टकिट या फ्रेमवर्कमध्ये तर त्या त्या पानाच्या फोल्डरमध्येच एररची वेगळी फाइल ठेवता येते. पण सोय असली तरी फाइल लिहावी लागतेच, आणि घाईच्या कामात नेमकं तेच राहून जातं.

कुंपणालाही मर्यादा आहेत. ते पान रंगवतानाच्या चुका अडवतं. बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमधल्या किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या कोडमधल्या चुका सहसा त्याच्या हाती लागत नाहीत. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, हा अनुभव तिथून येतो. सर्व्हरकडून माहिती आणणारं फेच तर 404 किंवा 500 असं अपयश सांगणारं उत्तर आलं तरी त्याला चूक मानत नाही. त्याच्या लेखी उत्तर आलं, काम झालं. ते उत्तर चांगलं की वाईट, हे प्रोग्रामरने स्वतः तपासायचं असतं. सर्व्हरच्या बाजूलाही अशा फटी होत्या. एक्सप्रेस या जुन्या, लोकप्रिय फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीत असिंक, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या, कोडमधली चूक स्वतः पुढे पाठवली नाही, तर ती एररच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचतच नसे आणि तुमच्या पडद्यावर चक्र फिरत राही. ही फट 2024 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने बुजवली.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो रिकामा कॅच. ट्राय-कॅच जावास्क्रिप्टमध्ये 1999 पासून आहे : ट्रायमध्ये काम, कॅचमध्ये चुकल्यावर काय करायचं ते. काही जण कॅचमध्ये काहीच लिहीत नाहीत. चूक झाल्याचं ना वापरणाऱ्याला कळतं, ना दुरुस्त करणाऱ्याला. पांढरं पान निदान ओरडून सांगतं. मात्र चुकीबद्दलचा आतला तपशील जगाला दाखवायचा नसतो, कारण त्यातून गुप्त माहिती बाहेर पडू शकते. म्हणून स्वेल्टकिट अनपेक्षित चुकीबद्दलचा मजकूर लपवतं आणि पडद्यावर मोघम सूचना देतं. पण तो तपशील साइट चालवणाऱ्यांच्या नोंदीत गेलाच पाहिजे.

भरलेला मजकूर का जातो? तो पानाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, पान काढलं की तीही जाते. लांबलचक फॉर्म देणाऱ्याने मसुदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये किंवा सर्व्हरवर मधून मधून जपायला हवा. हे अवघड काम नाही आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तुमच्या हाती काय? लांब उत्तरं आधी दुसरीकडे लिहून मग फॉर्ममध्ये चिकटवा. सूचनेत एखादा क्रमांक दिसला तर स्क्रीनशॉट घ्या. त्यावरून नोंद शोधता येते. पैसे भरताना पान पांढरं पडलं तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. तुमचं पान मोडलं तरी मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असू शकते. आधी बँकेच्या खात्यात व्यवहार झाला आहे का ते पाहा, मगच दुसऱ्यांदा भरा.