वडिलांचा जुना टिलर : दुरुस्ती कीं नवा?

वसईच्या केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांत वडिलांचा जुना डिझेल टिलर कुरकुरूं लागला, म्हणजे हा प्रश्न उठतो. प्रथम इंधन बंद करून हँडल हळू फिरवावें. दाबाच्या वेळीं तें हातास जोरानें अडलें, तर रिंगा बहुधा शाबूत. निळसर धूर ही वंगण जळत असल्याची खूण. रिंगांचा खर्च सोसावा. गिअरपेटीच फुटली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट आम्हांस पसंत नाहीं.

परंतु यंत्राआधीं वडिलांचे हात पाहावे. हँडल उलट झटका देतें. टिलर मागें घेतांना दांडी उसळून चालक झाडाशीं चेपला जाऊं शकतो. सत्तरीच्या गृहस्थांस तितकाच जड नवा टिलर देणें आम्हांस धोक्याचें वाटतें. जुना दुरुस्त करून मुलानें चालवावा. वडिलांस तण काढण्याचें हलकें यंत्र द्यावें. रुसतील, रुसोत.