कर्करोग मणक्यात पसरला तेव्हा

प्रश्न : वडिलांचा फुप्फुसाचा कर्करोग मणक्यात पसरलाय. कंबरदुखीने रात्रभर डोळा लागत नाही. काय करावं?

उत्तर : हा हाडांचा वेगळा कर्करोग नाही, औषधं फुप्फुसाच्याच कर्करोगाची चालतील. ईजीएफआर, एएलके या जनुकीय तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. त्यांत बदल सापडला, तर काहींना नुसत्या गोळ्यांवर बराच काळ आराम पडतो. दुखऱ्या मणक्याला रेडिएशनचा एकच डोस पुष्कळदा पुरतो, पण गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर नाही म्हणू नका. व्यसनाच्या धास्तीने माणसं विनाकारण कळा सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देणार असतील तर आधी दात तपासून घ्या. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.