रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईची बोली

किल्ला पाहावयास जाणे म्हणजे डोंगर चढणे, अशी समजूत आपल्याकडे दृढ झाली आहे. शाळांच्या सहली रायगड, प्रतापगड, सिंहगड येथे जातात. विद्यार्थी तट पाहतात, बालेकिल्ला पाहतात, इतिहासाचा एखादा रोमहर्षक प्रसंग ऐकतात आणि परततात. हेच विद्यार्थी रेवदंड्यास आणले, तर बहुधा त्यांची निराशा होते. येथे चढ नाही. बालेकिल्ला चटकन नजरेत भरत नाही. अलिबागहून दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर रस्ता तटाच्या भिंतीतून आत शिरतो, आणि आत शिरल्यावर दिसतात ती घरे, दुकाने, विहिरी व नारळी-पोफळीच्या वाड्या. "किल्ला कोठे आहे?" असे विचारणारा प्रवासी त्या वेळी किल्ल्याच्या आतच उभा असतो.

याचे कारण असे की, रेवदंडा हा नेहमीच्या अर्थाने किल्ला नव्हेच. ते तटबंदीचे नगर होते. तेथे वखार होती, चर्चे होती, मठ होते, व्यापाऱ्यांची घरे होती, आणि या सर्वांभोवती तट होता. म्हणून ते पाहण्याची रीतही निराळी असावी लागते. गडावर आपण लढाई शोधतो. येथे बाजार, घाट, रस्ता आणि वस्ती शोधावी लागते.

आरंभ रेवदंड्यापासून न करता शेजारच्या चौलापासून करणे इष्ट. कुंडलिका नदीच्या मुखाजवळील हे बंदर फार प्राचीन होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. टॉलेमीच्या भूगोलात ते 'सिमुल्ला' या नावाने येते, कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' असे आढळते, आणि अरब प्रवासी त्यास 'सैमूर' म्हणत. स्थानिक परंपरा चौलास चंपावती व रेवदंड्यास रेवतीक्षेत्र अशी नावे देते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच किनाऱ्यावर उतरला व येथून अंतर्भागात गेला. त्याचे स्मारक रेवदंड्यात उभारलेले आहे. चौलात रामेश्वराचे मंदिर आहे, हमामखाना आहे. हे सारे आधी पाहिले म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. पोर्तुगीजांनी ओसाड किनाऱ्यावर नवे बंदर वसविले नाही. नांदत्या बंदराच्या तोंडाशी येऊन ते बसले.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठे आरमारी युद्ध झाले. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूस, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूस. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५१६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगीजांना वखारीची परवानगी मिळाली. १५२१ मध्ये कोटाचे काम सुरू झाले, आणि १५२४ पर्यंत समुद्रकाठी चौकोनी कोट उभा राहिला. संपूर्ण नगरास वेढणारा तट मात्र तेव्हा नव्हता. हा भेद प्रत्यक्ष पाहताना ध्यानात ठेवला पाहिजे, कारण मूळ कोट आणि नगराचा तट ही दोन निरनिराळ्या काळांची व निरनिराळ्या गरजांची बांधकामे आहेत. पहिल्याने मालाचे रक्षण केले, दुसऱ्याने वस्तीचे.

दुसऱ्याची गरज १५७० मध्ये भासली. तालिकोटच्या विजयानंतर पाच वर्षांनी दख्खनच्या सत्तांनी पोर्तुगीजांकडे मोर्चा वळविला. आदिलशहाने गोव्यास व मुर्तझा निजामशहाने चौलास एकाच सुमारास वेढा दिला. चौलचा वेढा १५७१ च्या मध्यापर्यंत चालला. तट नसल्यामुळे घरे आणि मठ हेच मोर्चे झाले, आणि एकेका इमारतीसाठी झुंज झाली. नगर पडले नाही, परंतु उघड्या वस्तीचा धोका पोर्तुगीजांना कळून चुकला. आज आपण पाहतो तो भक्कम तट त्यानंतरचा.

या तटाच्या दोन बाजूंस दोन गावे होती, हे येथे विशेष सांगावयास हवे. पोर्तुगीज त्यांना 'वरचे चौल' आणि 'खालचे चौल' म्हणत. खालचे, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीज राजाचे. वरचे निजामशहाचे, व पुढे त्याच्यानंतरच्या सत्तांचे. वरच्या चौलात रेशीम विणणारे कारागीर होते, आणि सोळाव्या शतकात येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्या मालाची वाखाणणी केली आहे. खालच्या चौलाकडे गलबते व समुद्रावरील परवाने होते. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून जहाज हाकारणे धोक्याचे होते. दोन्ही गावे परस्परांची वैरी होती, आणि परस्परांवाचून त्यांचे चालतही नव्हते. वेढा उठला की व्यापार सुरू होई. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात वेढे येतात, मधल्या काळातला व्यापार येत नाही. वस्तुतः त्या व्यापारावरच दोन्ही गावांची चूल पेटत होती.

आता कोटात फिरावे. तट काळ्या दगडाचा व चुन्याचा आहे. भूदरवाजा आणि सागरी दरवाजा असे दोन मुख्य दरवाजे होते. दरवाजातून सरळ आत जाता येत नाही. वाट वळवून घेतलेली आहे, तिचा हेतू विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येतो. आत डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांच्या चर्चांचे व मठांचे अवशेष विखुरलेले आहेत. कोठे कमान उरली आहे, कोठे नुसती भिंत, कोठे वाडीच्या कुंपणातच एखादा कोरीव दगड. सर्वांत उंच उरला आहे तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. लोक त्यास 'सातखणी' म्हणतात. त्याची उंची शंभर फुटांच्या आसपास असून मजले मात्र आता चारच ओळखता येतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वास्तव्याशी परंपरेने जोडलेले एक लहान प्रार्थनास्थळही येथे आहे.

मनोऱ्यापाशी छायाचित्रे काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु आमच्या मते रेवदंड्यातील सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट मनोरा नव्हे, वाडी होय. अष्टागरातील हे एक गाव. पोर्तुगीज गेल्यावर येथील लोकांनी भिंतींच्या आधाराने माड व पोफळी लावल्या आणि मठांच्या अंगणात बागा फुलविल्या. ही नासधूस होती असे एखादा पुराणवस्तूंचा अभ्यासक म्हणेल. काही अंशी ते खरेही आहे, कारण पडक्या भिंतीचा घडीव दगड घराच्या जोत्यास लागला की तो परत येत नाही. उलट, अगदीच निर्जन झालेल्या कोटांची अवस्था पाहिली, तर वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी फोडलेल्या भिंती दिसतात. वाडी कसणारा मनुष्य निदान तण तरी काढतो.

या नगराचा शेवट कसा झाला, हेही समजून घेण्यासारखे आहे. सतराव्या शतकात सुरतेचा व नंतर मुंबईचा व्यापार वाढला, तसतसे चौलचे महत्त्व ओसरले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलास वेढा घातला. उत्तरेस कुलाब्यास आंग्र्यांचे आरमार प्रबळ झाले, आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर रेवदंडा राखणे पोर्तुगीजांना अशक्यच झाले. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. १५७१ मध्ये वेढ्याने न पडलेले नगर असे कागदावर गेले. १८१८ नंतर हा मुलूख क्रमशः इंग्रजी अमलाखाली आला. मुंबई जवळच असल्याने या बंदराची इंग्रजांना गरज नव्हती.

राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या आश्रयाने राहिलेली सर्व माणसे गेली नाहीत. येथून पुढचा भाग पाहण्यासाठी कुंडलिकेची खाडी ओलांडून साळाव मार्गे मुरूड तालुक्यातील कोर्लईस जावे लागते. खाडीच्या मुखावर समुद्रात घुसलेली जी टेकडी दिसते, तिच्यावर १५९४ च्या सुमारास दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने रेवदंड्यावर मारा करण्यासाठी किल्ला बांधावयास घेतला, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो जिंकला. टेकडीच्या कण्यावरून लांबट पसरलेला तट, एकामागून एक दरवाजे, पाण्याचे टाके, छप्पर उडालेले चर्च आणि इतस्ततः पडलेल्या तोफा असे त्याचे आजचे रूप आहे. पायथ्याशी दीपगृह आहे, तेथूनही वर जाता येते. वर उभे राहिल्यावर पलीकडचा रेवदंडा माडांच्या दाटीत दिसतो, आणि खाडीचे तोंड दोन्हीकडून कसे रोखता येत होते हे नकाशावाचून उमगते.

बहुतेक प्रवासी किल्ला उतरतात आणि मुरूडच्या रस्त्यास लागतात. पायथ्याच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीकडे त्यांचे लक्ष जात नाही. १७४० नंतर चौलच्या कोटातील काही ख्रिस्ती कुटुंबे खाडी ओलांडून येथे स्थायिक झाली. पोर्तुगीज सैनिक आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारातून जी बोली निर्माण झाली होती, ती त्यांनी बरोबर आणली. ती आजही घरोघरी बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. अभ्यासक तिला कोर्लईची क्रिओल पोर्तुगीज म्हणतात, आणि जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे.

या बोलीची घडण मोठी उद्बोधक आहे. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज. पोर्तुगीजात क्रियापद सामान्यतः कर्त्यानंतर व कर्मापूर्वी येते. कोर्लईच्या बोलीत मात्र ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीकडे सरकले आहे. म्हणजे शब्द एका भाषेचे आणि वाक्य हळूहळू दुसरीचे होत आहे. याचा उलटा प्रवास आपल्या घरात पाहावा. चावी, पगार, पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. गवंड्याचे घमेले आणि सुताराची बिजागरीही त्यांचीच देणगी. मराठीने शब्द घेतले आणि वाक्य आपले ठेवले. शिक्षकाने व्याकरणाच्या तासाला ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी मांडली, तर भाषा कशा बदलतात हे एका दिवसात शिकवून होईल.

ही बोली इतकी वर्षे टिकली ती एकाकीपणामुळे. शेजारची वस्ती धर्माने निराळी, विवाहसंबंध आपल्याच समाजात, आणि चर्चमुळे पोर्तुगीजशी थोडाफार संपर्क. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमधील पोर्तुगीज संपली. शाळा मराठी माध्यमाची झाली. तरुण नोकरीसाठी मुंबईस जाऊ लागले. मुलांनी मराठी उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी, यात वावगे काहीच नाही, आणि कोणत्याही समाजास त्याच्या बोलीखातर गावात कोंडून ठेवता येत नाही. परंतु पडलेली भिंत मोजमापांवरून काही प्रमाणात पुन्हा उभारता येते. शेवटचा बोलणारा गेल्यावर भाषा पुन्हा उभारता येत नाही. कोटाच्या दगडांकडे जेवढे लक्ष दिले जाते त्याच्या दशांशही या बोलीकडे दिले जात नाही, हे प्रमाण आम्हांस उलटे वाटते.

अशा गावांतील पंचायत सदस्यांपुढे दगडांचा प्रश्नही काही सोपा नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा व त्याची २०१० ची दुरुस्ती यांनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. स्मारकाच्या आतच गाव असेल, तर घराची पडवी वाढविणे किंवा पडकी भिंत दुरुस्त करणे हाही परवानगीचा विषय होतो. ज्याला परवानगीची वाट सापडत नाही, तो रात्रीत काम उरकतो. यात स्मारकाचेही नुकसान होते व घरमालकही कायम धास्तीत राहतो. हद्दीच्या खुणा, नकाशा आणि अर्ज कोठे करावयाचा ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर सोप्या मराठीत लावण्यास फारसा खर्च येत नाही.

शाळांना करता येण्याजोगे एक काम आहे. सहलीपूर्वी विद्यार्थ्यांचे गट पाडावेत. एका गटाने कोटातील विहिरी मोजाव्यात, दुसऱ्याने घरांच्या जोत्यांत दिसणारे घडीव दगड घरमालकाची अनुमती घेऊन नोंदवावेत, तिसऱ्याने तटावर उगवलेल्या झाडांची यादी करावी. कोर्लईत, तेथील वडीलधाऱ्यांची संमती असेल तरच, नातेवाचक शब्द, मासळीची नावे आणि स्वयंपाकघरातील भांड्यांची नावे लिहून घ्यावीत व समोर मराठी प्रतिशब्द लिहावा. देवनागरीत हे शब्द बरेचसे नीट उतरतात. सहल हिवाळ्यात ठेवावी, कारण पावसाळ्यात कोर्लईच्या पायऱ्या शेवाळतात आणि कोटातील वाड्यांत चिखल होतो. नोंदवहीच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत राहावी, दुसरी ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांना वाचून दाखवून, चुका दुरुस्त करून, त्यांच्याच गावच्या शाळेत द्यावी.