मासा खाईना, मग औषध कोण खाणार?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी काठ सोडून मधल्या खोलगटात जमते. याच दिवसांत रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात, पर कुजतात, पोट फुगून खवले उभे राहतात. बहुतेक वेळा हे एरोमोनास या जिवाणूचे काम असते. कल्ले पिवळट-तपकिरी होऊन झडू लागले, तर कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. मग 'तळ्यात रोग शिरला' म्हणून औषधाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. पण एरोमोनास पाण्यात, गाळात, धडधाकट माशाच्या आतड्यातही बारमाही असतो. जानेवारीतही तो तिथेच होता. मे महिन्यात त्याचे फावते ते पाण्यामुळे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. रात्रभर शेवाळही त्यातलाच वापरते, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. त्यात पाणी निम्मे आणि मासे तेवढेच. उरलेली ढेप आणि विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. अशा गुदमरलेल्या माशाची ताकद आधीच खचलेली असते, जिवाणूला फार कष्ट पडत नाहीत.

'शेजाऱ्याने प्रतिजैविक दिले आणि मर थांबली,' असे कोणी म्हणेल. थांबली असेलही, पण त्याच दिवसांत त्याने खाद्य बंद केले होते का, विहिरीचे ताजे पाणी सोडले होते का, हेही विचारावे. आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातले औषध निरोग्यांच्याच पोटात जाते. पाण्यात ओतले तर ते पातळ होते आणि चिवट जिवाणू तेवढे मागे उरतात. कोलिस्टिन तर मत्स्यपालनासाठी 2019 पासून देशात बंद आहे. कोणी देऊ केले तरी घेऊ नये. प्रतिजैविकाला जागाच नाही असे नाही, पण मासे खात असतानाच आणि तपासणीनंतर. त्यासाठी तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारावे. नमुना म्हणून जिवंत आजारी मासा न्यावा. मेलेल्यात कुजवणारे जिवाणूच सापडतात.

मर दिसताच खाद्य आणि शेण बंद करावे, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरावेत, रात्री उशिरापासून उजाडेपर्यंत पंपाने पाणी उंचावरून पाडावे. तळ्यात चुना मात्र सामू मोजल्याशिवाय टाकू नये. दुपारी तो 8.5 च्या वर असेल, तर चुन्याने अमोनिया आणखी विषारी होतो. (चुना म्हणजे सर्व रोगांवरचा अंगारा नव्हे.)

वीस हेक्टरच्या मामा तलावात मच्छीमार संस्थेने पंप कुठे-कुठे लावायचे, हा आक्षेप खरा आहे. तिथे हाती उरते ते फक्त माशांची दाटी कमी करणे. म्हणून विक्रीजोगा मासा एप्रिलमध्येच काढावा, तोही पहाटेच्या गारव्यात आणि बिनगाठीच्या जाळ्याने, कारण खरचटून परत पाण्यात सोडलेल्या माशाच्या जखमेतूनच जिवाणू आधी शिरतो.