बाजारातला तास



मोरोक्कोला जाणारे पर्यटक तिथला 'सूक', म्हणजे बाजार, आवर्जून बघतात. आपली मुलं पेण-रोह्याच्या बाजारातून रोज जातात, पण थांबून बघत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली की एक तास बाजारातच घ्या.

आम्ही चौथीचा वर्ग पेणच्या बाजारात नेला. ठाकूर, कातकरी बायका शेवळं घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "ही भाजी घशाला खाजते, मग खायची कशी?" सगळे गप्प. वर्गात कधीच न बोलणारी, वाडीवरची मुलगी म्हणाली, "बाई, त्यात काकडं टाकायची. आंबट असतात. मग नाय खाजत." दुसऱ्या दिवशी तिने वर्गात पहिल्यांदा हात वर केला.

मुलांना तीन कामं द्या:
१. पाच रानभाज्यांची नावं विचारून लिहा.
२. जुडी, वाटा, किलो यांपैकी काय कशावर विकतात, ते नोंदवा.
३. २० रुपयांची खरेदी करून हिशेब मांडा.

घासाघीस मात्र करायची नाही. ती भाजी पहाटे डोंगरातून चालत आणलेली असते, हे मुलांना आधी सांगा.

घरी आल्यावर पालकांनी एवढंच विचारावं, "आज बाजारात कोणाकडून काय शिकलास?"