आमच्या पारावरचे पाहुणे

आमच्या गावात देवळामागे पिंपळाचा पार आहे. संध्याकाळचे पाच वाजले की आम्ही दहाबारा म्हातारे तिथे जमतो. कोणी एस.टी.त ड्रायव्हर होते, कोणी पलटणीत, कोणी पोस्टात. मी शाळेत हेडमास्तर होतो. पेन्शन काही सगळ्यांना नाही. रिकामा वेळ मात्र सगळ्यांना सारखाच!

काम सुटले की पहिले दोन महिने बरे वाटते. मग दिवस खायला उठतो. घरात बसून सुनेच्या कामात लुडबूड होते. म्हणून ही बैठक सुरू झाली. एकजण मोठ्याने पेपर वाचतो, बाकीचे ऐकतात. शनिवारी भजन असते. वर्षातून एकदा सगळे मिळून पंढरपूरला जातो. पासष्टच्या पुढे एस.टी.चे तिकीट अर्धे. पंचाहत्तरीच्या पुढे तर २०२२ पासून तिकीटच नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाहुणा बोलावतो. पाहुण्याने अर्धा तास बोलायचे आणि अर्धा तास आमचे प्रश्न ऐकायचे. हा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. एक पाहुणे दोन तास स्वतःच्याच सत्कारांविषयी बोलले. आमचे दोघे बसल्या जागी घोरायला लागले! नंतर एक डॉक्टर आले. दिवसभरात एक चहाचा चमचा मीठ, त्याहून जास्त नको, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून पारावर लोणच्याचे नाव निघाले की लोक एकमेकांकडे बघतात.

पण मला सांगायचे आहे ते वकीलबाईंच्या रविवारचे.

बाई तालुक्याहून आल्या. वय लहान, पण बोलणे स्वच्छ. त्यांनी दोनच शब्द घेतले. एक मृत्युपत्र, दुसरा बक्षीसपत्र.

त्या म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र म्हणजे मी गेल्यावर माझे घर कोणाला, ते सांगणारा कागद. तुम्ही आहात तोवर घर तुमचेच. मन बदलले तर तो रद्द करा, दुसरा लिहा. त्याला स्टँप लागत नाही. रजिस्टर करण्याची सक्ती नाही, केले तर चांगलेच. तुमची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला घर मिळणार, त्याला साक्षीदार करू नका."

"आणि बक्षीसपत्र?" पोस्टमन विचारते झाले.

"बक्षीसपत्र म्हणजे दिले! रजिस्टर झाले, समोरच्याने घेतले, की घर त्याचे. तुम्ही जिवंत असतानाच. उद्या मन बदलले म्हणून ते परत मागता येत नाही."

पलटणीतले दादा तापट. ते म्हणाले, "आणि घर घेऊन पोराने बापाला हाकलले तर?"

बाई म्हणाल्या, "त्यासाठी २००७ सालचा कायदा आहे. वय साठ पुरे झालेले आईबाप प्रांतसाहेबांकडे अर्ज करू शकतात. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. दिलेले घरही परत मिळू शकते. पण 'मला सांभाळशील या अटीवर देतो' असे कागदात लिहिलेले असावे. नसेल, तर ती अट सिद्ध करता करता नाकी नऊ येतात."

तेवढ्यात आबा उठले. आबा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले. सारा जन्म अंगठा केला. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात बसून वाचायला शिकले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, पोराने दिलाय. मृत्युपत्र आहे म्हणाला. परवा रजिस्ट्रार कचेरीत जायचंय."

मी हात पुढे केला. पण आबांनी कागद दिला नाही. स्वतःच बोट ठेवून वाचू लागले. "ब..." पुढच्या अक्षराला अडले. जोडाक्षर ते. सगळा पार गप्प. मग हळूच म्हणाले, "क्षी... स... बक्षीसपत्र."

कोणी काही बोलेना. बाईंनी कागद तपासला. सांभाळण्याची अट कुठेच नव्हती.

मुलगा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्याला धंद्यासाठी घरावर कर्ज काढायचे होते. कोणा दलालाने हा रस्ता सुचवला. पण बापाला खोटे सांगितले, ते मला अजून खटकते. त्या रात्री बापलेकांचे भांडण झाले. आठ दिवस बोलणे बंद होते. नववे दिवशी मुलगाच पारावर आला आणि बापाच्या शेजारी बसला.

आबांनी बक्षीसपत्र केले नाही. मृत्युपत्र केले. घर मुलाला, पण आबांच्या मागे म्हातारीला त्यात मरेपर्यंत राहायचा हक्क. खाली सही केली, अंगठा नाही. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि मी.

पुढच्या रविवारी पोस्टमास्तर येणार आहेत, बचतीच्या योजना सांगायला. आबांनी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. चौथा काय आहे, ते मला दाखवत नाहीत.